यादीतून नाहीसा झालेला शब्द : गडचिरोलीतील बालन्यूमोनियाविषयक संशोधनलेखनाचा इतिहास

प्रस्तावना

एखाद्या संशोधकाचा परिचय करून देताना त्याच्या प्रकाशित शोधनिबंधांची यादी पुढे ठेवण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी निबंधांना गुण बहाल केले आणि महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या मनात ‘किती निबंध?’ हा प्रश्न पक्का बसविला. गुणांची ती पद्धत पुढे बदलत गेली. प्रश्न मात्र राहिला. इतिहासाच्या अभ्यासकाला अशी यादी हे एक साधन वाटते. बखर असो वा महसुली दप्तर, ते कोणी, कोणासाठी व केव्हा लिहिले आणि त्यात काय आलेले नाही, हे विचारल्याखेरीज आपण त्याचा आधार घेत नाही. शोधनिबंधांच्या यादीलाही हीच कसोटी लावली तर काय हाती येते, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

त्यासाठी निवडलेले उदाहरण डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या बालकांच्या श्वसनविकारांवरील लेखनाचे आहे. गडचिरोली जिल्ह्यातील ‘सर्च’ या संस्थेतून झालेले हे संशोधन सुपरिचित आहे. त्याची प्रशंसा पुष्कळ झाली. त्यामानाने त्याचे बारकाईने वाचन कमी झाले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

यवतमाळहून हा विषय पाहण्यासही कारण आहे. आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेस चंद्रपूर ओलांडले की गडचिरोली लागते. उत्तरेस अमरावती जिल्ह्याच्या पलीकडच्या टोकाला मेळघाट आहे. बालमृत्यूंची चर्चा निघाली की वृत्तपत्रांत ही दोन नावे येतात. यवतमाळचे नाव येते ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या तालुक्यांतील कोलाम व गोंड वस्त्यांतील तान्ह्या मुलांचा प्रश्न त्या मोठ्या दुःखाच्या आड राहतो.

प्रस्तुत लेखक वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नाही. त्यामुळे निबंधांचा कालक्रम, त्यांतील आकड्यांचे वाचन व शब्दांचा वापर एवढ्यापुरतेच हे विवेचन मर्यादित ठेवले आहे.

पार्श्वभूमी

लहान मुलांना होणाऱ्या न्यूमोनियाला मराठी घरांत फार जुन्या काळापासून नावे आहेत. ‘धाप लागली’, ‘छाती भरली’, ‘पोट उडते आहे’, काही भागांत ‘डबा झाला’ असे म्हणतात. या शब्दांत रोगाचे निरीक्षण अचूक आहे. श्वास जलद होणे आणि बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे ही दोन्ही चिन्हे त्यांत आलेली आहेत. उपचार मात्र बहुधा डाग देण्याचा किंवा अंगाऱ्याचा असे. रोग ओळखण्याची दृष्टी आईजवळ होती आणि औषध तालुक्याच्या गावी होते, असे या परिस्थितीचे वर्णन करता येईल.

वैद्यकशास्त्राकडे तोपर्यंत न्यूमोनियाचे निदान म्हणजे स्टेथोस्कोप व क्ष-किरण चित्र. या दोहोंशिवाय निदान होऊ शकते काय, हा प्रश्न जगात दोन ठिकाणी गंभीरपणे विचारला गेला. पंजाबातील नारंगवाल येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने चाललेल्या प्रकल्पात साहाय्यक आरोग्यसेविकांनी मुलांच्या न्यूमोनियावर पेनिसिलिन दिले, आणि त्याचा वृत्तान्त मॅकॉर्ड व कीलमन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे पापुआ न्यू गिनीत फ्रँक शान व त्यांच्या सहकाऱ्यांनी श्वासाचा वेग आणि छाती आत ओढली जाणे या साध्या चिन्हांवरून प्रतिजैविक कोणाला द्यावे, हे ठरविण्याचे निकष १९८४ मध्ये मांडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमात याच धर्तीचे निकष आले : दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० वा अधिक श्वास, दोन ते बारा महिन्यांच्या मुलाचे ५० वा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० वा अधिक.

बंग दांपत्य या विचारधारेच्या संपर्कात आले ते बाल्टिमोर येथे. डॉ. अभय बंग यांचे बालपण वर्धा-सेवाग्रामच्या वातावरणात गेले. वडील ठाकूरदास बंग हे गांधीवादी अर्थशास्त्रज्ञ व सर्वोदय कार्यकर्ते. दोघांचेही वैद्यकीय शिक्षण नागपूरला झाले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेताना नारंगवाल प्रकल्पाचे प्रणेते कार्ल टेलर हे त्यांचे शिक्षक होते. परत आल्यावर त्यांनी गडचिरोली निवडले. चंद्रपूरपासून वेगळा होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला ऑगस्ट १९८२ मध्ये. म्हणजे कार्यक्षेत्र म्हणून निवडला तेव्हा तो अवघा काही वर्षांचा होता.

प्रकाशनाचा क्रम व कामाचा क्रम

यादी वाचताना पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी की, निबंध ज्या क्रमाने छापले गेले त्याच्या जवळजवळ उलट क्रमाने काम घडलेले असले पाहिजे.

गडचिरोलीतून ‘लॅन्सेट’मध्ये पहिला महत्त्वाचा निबंध आला १९८९ मध्ये, तो दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या स्त्रीरोगांविषयी होता. न्यूमोनियावरील मुख्य निबंध जुलै १९९० मध्ये त्याच नियतकालिकात आला. या निबंधात न्यूमोनियाने होणारे मृत्यू निम्म्याहून कमी असल्याचा निष्कर्ष आहे. त्यानंतर १९९२ मध्ये दोन निबंध दिसतात. एक, जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेतील ‘मौखिक शवचिकित्से’च्या निकषांवरील, दुसरा, श्वास मोजण्याच्या एका साध्या साधनाविषयी, भारतीय बालरोग नियतकालिकातील. १९९३ मध्ये नवजात बालकांच्या न्यूमोनियावर गावातच उपचार होऊ शकतात काय, या प्रश्नावरील निबंध ब्रिटनमधील बालरोगविषयक नियतकालिकात आला. १९९४ मध्ये दाईंनी केलेल्या न्यूमोनिया-उपचारांविषयीचा निबंध पुन्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत.

आता कामाचा क्रम पाहू. मूल न्यूमोनियाने गेले हे कशावरून ठरवायचे, हा प्रश्न सुटल्याशिवाय न्यूमोनियाने किती मुले गेली हा आकडा काढताच येत नाही. ज्या गावात डॉक्टर नाही, मृत्यूचा दाखला नाही, तेथे आईवडिलांना विचारूनच कारण ठरवावे लागते. यालाच मौखिक शवचिकित्सा म्हणतात. ती १९९० च्या निबंधाच्या पायाशी आहे, पण तिचे निकष स्वतंत्रपणे मांडले गेले दोन वर्षांनी. दाईंचा सहभागही १९९० च्या निबंधातच नमूद आहे. त्यांनी तो कसा निभावला याची तपशीलवार हकीकत चार वर्षांनी आली.

असे का झाले असावे? नियतकालिकांना निष्कर्षात रस असतो आणि पद्धतीत कमी, हे एक सरळ उत्तर आहे. परंतु दुसरेही एक उत्तर संभवते. निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर त्यावर प्रश्न येतात : मृत्यूचे कारण तुम्ही कसे ठरविले? अक्षरओळख नसलेल्या बाईने मिनिटाचे श्वास कसे मोजले? १९९२ ते १९९४ चे निबंध त्या प्रश्नांची उत्तरे म्हणून वाचता येतात. यादीत सुटे दिसणारे हे निबंध एकाच मोठ्या निबंधाची परिशिष्टे आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९९० च्या निबंधातील हिशेब

या निबंधाचा थोडा विस्ताराने विचार करणे आवश्यक आहे. एकूण १०२ गावे. ५८ गावांत उपक्रम राबविला, ४४ गावे तुलनेसाठी ठेवली. उपक्रमाच्या गावांत पाच वर्षांखालील ६१७६ मुले होती. उपक्रमाचे स्वरूप असे : पालकांना न्यूमोनियाची ओळख करून देणे, आणि निमवैद्यकीय कर्मचारी, गावातील आरोग्यसेवक व दाई यांनी रोग ओळखून को-ट्रायमोक्साझोल हे तोंडाने घेण्याचे औषध देणे. एका वर्षानंतर पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू उपक्रमाच्या गावांत ८.१ व तुलनेच्या गावांत १७.५ आढळले. सर्व कारणांनी होणारे मृत्यू याच वयोगटात हजारी २८.५ व ४०.७ होते. अर्भकमृत्युदर ८९ व १२१.

येथे वाचकाने एक काळजी घ्यावी. २८.५ हा आकडा पाच वर्षांखालील हजार मुलांमागे वर्षाला होणाऱ्या मृत्यूंचा आहे आणि ८९ हा हजार जिवंत जन्मांमागील आहे. दोहोंचा पाया वेगळा असल्यामुळे ‘अर्भकमृत्यू बालमृत्यूंपेक्षा जास्त कसे?’ असा प्रश्न वर्गात विद्यार्थी हमखास विचारतात.

न्यूमोनियामृत्यूंतील फरक ९.४ आणि एकूण मृत्यूंतील फरक १२.२. म्हणजे एकूण फरकाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग न्यूमोनियाने स्पष्ट होतो. उरलेला इतर कारणांच्या मृत्यूंतील आहे. न्यूमोनियावरच्या औषधाने इतर मृत्यू कसे कमी व्हावेत? औषध अन्य संसर्गांवरही चालले असेल, न्यूमोनियातून वाचलेले मूल पुढच्या आजारालाही तोंड देऊ शकले असेल, किंवा दोन भागांत मुळातच काही फरक असेल. गावांची विभागणी चिठ्ठ्या टाकून, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने, झालेली नव्हती. त्यामुळे शेवटची शक्यता पूर्णपणे बाजूला सारता येत नाही. हा आक्षेप योग्य आहे व तो नोंदविलाच पाहिजे. मात्र याच काळात निरनिराळ्या देशांत झालेल्या अशा चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण सझवाल व ब्लॅक यांनी केले. त्यांच्या २००३ च्या लेखात पाच वर्षांखालील मुलांच्या न्यूमोनियामृत्यूंत ३६ टक्के व एकूण मृत्यूंत २४ टक्के घट आढळली आहे. गडचिरोलीतील घट याहून मोठी आहे. दिशा तीच आहे.

खर्चाचा आकडा अनेकदा सांगितला जातो : दर मुलामागे वर्षाला अडीच अमेरिकी सेंट, वाचलेल्या दर मुलामागे २.६४ डॉलर. त्या वेळच्या विनिमय दराने पहिली रक्कम अर्ध्या रुपयाहून कमी होते. हिशेब ताडून पाहिला तर जुळतो. ६१७६ मुलांत हजारी ९.४ च्या फरकाने सुमारे ५८ मुले वाचली असे होते, आणि औषधाचा एकूण खर्च त्या संख्येने भागला की २.६४ च्या जवळची रक्कम येते. परंतु ही केवळ औषधाची किंमत आहे. प्रशिक्षण, देखरेख, गावोगाव फिरणारे पर्यवेक्षक, नोंदवह्या यांचा खर्च तीत नाही. शासकीय सभांतून ‘अर्ध्या रुपयात मूल वाचते’ अशा थाटात हा आकडा सांगितला गेला तर ऐकणाऱ्याचा गैरसमज होईल; निबंधात तसे म्हटलेले नाही.

याहून महत्त्वाचा हिशेब पुढे आहे. उपक्रमाच्या गावांत न्यूमोनियाच्या ६१२ मुलांवर उपचार झाले आणि त्यांतील ०.८ टक्के दगावली. तुलनेच्या गावांत रुग्णमृत्यूचे प्रमाण १३.५ टक्के होते. ६१२ पैकी ०.८ टक्के म्हणजे सुमारे पाच मुले. आता हजारी ८.१ हा न्यूमोनियामृत्युदर ६१७६ मुलांना लावला तर सुमारे पन्नास मृत्यू होतात. हिशेब ढोबळ आहे, तरी त्यातून निघणारी गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. उपचार मिळालेल्यांत पाच गेली, आणि उरलेली चाळीस-पंचेचाळीस मुले उपचारापर्यंत पोचलीच नाहीत. औषध गावात होते, ते देणारी व्यक्ती गावात होती, तरीही.

या पंचेचाळीस मुलांचा शोध म्हणजेच यादीतील पुढचा सगळा भाग, असे म्हणता येईल.

दाई व मण्यांचे साधन

त्यापूर्वी १९९२ व १९९४ च्या निबंधांकडे वळू. दाईकडे मनगटी घड्याळ नव्हते आणि साठपर्यंत सलग मोजणे तिला जमेलच असे नव्हते. त्यासाठी तयार केलेले साधन म्हणजे लाकडी चौकटीत तारेवर ओवलेले मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात. शेवटचा मणी लाल. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचलो तर मुलाला न्यूमोनिया आहे असे समजायचे. लहान बाळासाठी व मोठ्या मुलासाठी मण्यांच्या ओळी वेगळ्या, कारण निकष वेगळे.

या साधनात तंत्रज्ञान म्हणावे असे थोडेच आहे. शाळेतील मणिचौकट ज्याने पाहिली त्याला ते नवीन वाटणार नाही. त्याचे ऐतिहासिक महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे. स्टेथोस्कोप कानाला लावणारा जे ऐकतो ते इतरांना ऐकू येत नाही; निदान त्याच्याजवळच राहते. मण्यांची चौकट आईसमोर, आजीसमोर, अंगणात उभ्या असलेल्या शेजारणीसमोर सरकते, आणि लाल मणी सर्वांना एकाच वेळी दिसतो. ‘डबा झाला’ म्हणणाऱ्या आईचे निरीक्षण आणि जागतिक आरोग्य संघटनेचा निकष यांची गाठ तेथे पडते.

दाईंविषयीचा निबंध वाचताना आणखी एक गोष्ट जाणवते. मुख्य निबंधावर सात लेखकांची नावे आहेत. क्षेत्रावर काम करणाऱ्या सहकाऱ्यांना त्यांत स्थान मिळाले, हे त्या काळात सर्रास घडत नसे. दाई मात्र निबंधाचा विषय आहेत, लेखक नाहीत. १९९४ च्या निबंधात त्यांची कामगिरी मोजलेली आहे. त्यांचे म्हणणे त्यात येत नाही. इंग्रजी वैद्यकीय निबंधाच्या साच्यात त्याला जागा नसते, हे मान्य. साधन म्हणून त्याची ही मर्यादा आपण ओळखावी इतकेच. दाईने डागणी सोडून गोळी हाती घेतली तेव्हा गावात काय बोलले गेले, तिच्या मानात भर पडली की घट झाली, हे जाणून घेण्यासाठी मौखिक इतिहासाकडेच जावे लागेल.

‘न्यूमोनिया’ हा शब्द कोठे गेला?

शीर्षकांतील शब्दांनुसार यादी चाळली तर १९९४ नंतर बालकांच्या न्यूमोनियावरील निबंध ठळकपणे दिसेनासे होतात. संगणकावर ‘श्वसनविकार’ असा शोध घेणारा विद्यार्थी या ठिकाणी थांबेल आणि संशोधकांनी विषय बदलला असे समजेल. विषय बदललेला नव्हता.

१९९३ च्या निबंधाचा विषय नवजात बालकांचा न्यूमोनिया हा होता. चाळीस-पंचेचाळीस न पोचलेल्या मुलांचा प्रश्न येथे उघड होतो. पहिल्या महिन्यातील बाळाला आई घराबाहेर काढीत नाही. त्याला खोकला येईलच असे नाही. ते दूध ओढायचे थांबते, त्याचे अंग थंड पडते, रडणे क्षीण होते, आणि एक-दोन दिवसांत सारे संपते. अशा बाळात न्यूमोनिया, रक्तातील जंतुसंसर्ग व मेंदूज्वर यांना एकमेकांपासून वेगळे करणे इस्पितळातही अवघड. झोपडीत तर अशक्यच. म्हणून पुढील कामात या तिन्हींना एका नावाखाली घेतले गेले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या निबंधाच्या शीर्षकात ‘सेप्सिस’ हा शब्द आहे. न्यूमोनिया त्या शब्दाच्या पोटात आहे.

या चाचणीत ३९ गावांत उपक्रम व ४७ गावे तुलनेला होती. मुलाने आरोग्यसेवकाकडे यावे ही अपेक्षाच सोडून देण्यात आली. गावातील प्रशिक्षित स्त्री, जिला ‘आरोग्यदूत’ म्हटले गेले, ती बाळंतिणीच्या घरी जाऊ लागली. संसर्ग झालेल्या बाळाला तिने को-ट्रायमोक्साझोलबरोबर जेंटामायसिनचे इंजेक्शनही दिले. १९९५ ते १९९८ या तीन वर्षांच्या अखेरीस नवजात मृत्युदरात तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्के घट दिसली. सेप्सिस झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. २००५ मध्ये एका अमेरिकी नियतकालिकाच्या पुरवणी अंकात या कामावरचे अनेक निबंध एकत्र आले. त्यांपैकी एक जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाविषयी आहे : तोंडाने फुंकर घालून, नळी-मुखवट्याने आणि पिशवी-मुखवट्याने श्वास देण्याच्या तीन पद्धतींची त्यात तुलना केली आहे. श्वासाचाच प्रश्न, एक महिना मागे, जन्माच्या पहिल्या मिनिटाशी आणून भिडविलेला.

१९९० ते २००५ या पंधरा वर्षांत प्रश्नाचे वय असे घटत गेले : पाच वर्षांखालील मूल, एक महिन्याचे बाळ, नुकते जन्मलेले अर्भक. शीर्षकांतील शब्द बदलले ते यामुळे. शब्द मोजून तयार केलेली यादी हा प्रवास दाखवू शकत नाही.

तुलनेच्या गावांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. उपक्रम उपयोगी पडेल अशी संशोधकाला आशा असते, म्हणूनच तो तो राबवितो. मग तुलनेच्या गावांतील मुलांचे काय? शासकीय सेवा तेथे होत्या आणि त्यांत काही उणे केले गेले नाही, हे नेहमीचे उत्तर आहे व ते खोटे नाही. परंतु १७.५ आणि ८.१ यांतील फरक ज्याने मोजला त्याला तो फरक म्हणजे कोणाची तरी मुले आहेत हे ठाऊक असते. तुलनेशिवाय पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय शासन हलत नाही. ही कोंडी गडचिरोलीपुरती नाही. तरीही अशा निबंधांच्या वाचनात ती गृहीत धरून पुढे जाणे प्रस्तुत लेखकास जड जाते.

धोरणात काय उतरले

मराठीत या कामाचा परिणाम वेगळ्या वाटेने झाला. महाराष्ट्रातील तेरा स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागांतील बालमृत्यूंची मोजणी केली आणि २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. विधिमंडळात व वृत्तपत्रांत त्यावरून खळबळ उडाली. पुढे शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. ‘लॅन्सेट’मधील दोन निबंधांनी राज्यात जे घडले नव्हते ते एका मराठी पुस्तिकेने घडविले. गुणांकनाच्या तक्त्यात मात्र अशा पुस्तिकेला रकाना शोधावा लागतो.

राष्ट्रीय पातळीवर ‘आशा’ सेविकांमार्फत घरोघरी नवजात बालकाची काळजी घेण्याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र शासनाने २०११ मध्ये काढली. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर सहा भेटी, घरी झाले असेल तर सात. बाळाचे वजन, तापमान, श्वास यांची नोंद ती करते. गडचिरोलीच्या चाचणीतील बराचसा भाग असा देशभर गेला. न गेलेला भाग इंजेक्शनाचा. आरोग्यदूताने दिलेले जेंटामायसिन हा १९९९ च्या निबंधाचा कणा होता. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१४ मध्ये ते देण्याची मुभा मिळाली ती परिचारिका-प्रसाविकेला, म्हणजे एएनएमला, आणि तीही विशिष्ट परिस्थितीत. आशेने चिन्हे ओळखावीत व बाळाला पुढे पाठवावे, अशी रचना राहिली. गावातील बाईच्या हाती सुई देण्यास वैद्यकीय वर्तुळ का कचरते हे समजण्यासारखे आहे. पण झरी-जामणीच्या एखाद्या पोडावरून पावसाळ्याच्या रात्री बाळाला ‘पुढे पाठविणे’ म्हणजे काय, याची कल्पना आपल्या जिल्ह्यात राहणाऱ्यास वेगळी द्यावी लागू नये.

औषधही दरम्यान बदलले. मुलांच्या न्यूमोनियासाठी को-ट्रायमोक्साझोलऐवजी अमॉक्सिसिलिनची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या सुधारित मार्गदर्शनात आली. न्यूमोकोकस जंतूवरील लस भारताच्या लसीकरण कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर आली. त्यामुळे १९९० च्या निबंधातील उपचार आज जसाच्या तसा कोणी देणार नाही.

मेळघाटातून आलेली भर

श्वास मोजण्याच्या निकषात एक उणीव पहिल्यापासून होती आणि ती संशोधकांना ठाऊक होती. जंतूंमुळे झालेला न्यूमोनिया आणि विषाणूमुळे झालेला, दोहोंतही श्वास सारखाच जलद होतो. लाल मणी त्यांत भेद करीत नाही. प्रतिजैविक पहिल्यावर चालते, दुसऱ्यावर नाही.

विषाणूंच्या बाजूचा पुरावा विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाहून आला. मेळघाटात धारणी तालुक्यात डॉ. आशिष सातव यांची ‘महान’ ही संस्था काम करते. ‘पोट फुगलेल्या’ मुलाला तापल्या लोखंडाने डाग देण्याची ‘डम्मा’ ही प्रथा ज्या प्रदेशातून वारंवार वृत्तपत्रांत येते, तोच हा प्रदेश. २०१६ ते २०२० या काळात तेथील ९३ आदिवासी गावांत दोन वर्षांखालील मुलांचा पाठपुरावा करून, रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस या विषाणूमुळे होणारे आजार व मृत्यू नोंदविण्यात आले. सातव, सिमोइस व त्यांच्या सहकाऱ्यांचे यावरील निबंध २०२१ मध्ये संसर्गरोगविषयक एका अमेरिकी नियतकालिकाच्या पुरवणीत आले. या विषाणूविषयीचे जगातील बहुतेक आकडे इस्पितळांतून आलेले आहेत. मेळघाटच्या अभ्यासात इस्पितळापर्यंत न आलेल्या, घरी व गावातच गेलेल्या मुलांचीही गणना आहे.

१९९० मध्ये गडचिरोलीच्या ५८ गावांत जी चाळीस-पंचेचाळीस मुले हिशेबातून शिल्लक राहतात, त्यांत अशा विषाणूने गेलेली किती होती हे आता कळण्याचा मार्ग नाही. त्या वेळी आईवडिलांना विचारलेल्या प्रश्नांतून धाप लागली होती एवढेच समजू शकत होते. या विषाणूवर गरोदर मातेला द्यावयाच्या लसीस अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तिच्या उपयोगाचा प्रश्न जेव्हा आपल्याकडे येईल, तेव्हा गावात व घरी झालेल्या मृत्यूंचे आकडे विचारले जातील, आणि त्यासाठी मेळघाटची ती ९३ गावे चाळावी लागतील.